आधी आजीला फोन कर

मराठी कळतं, पण बोलताना जीभ अडखळते, असं म्हणालीस. मीही लंडनमध्ये वाढले, त्यामुळे ते अवघडलेपण मला ठाऊक आहे. पुस्तकांपासून सुरुवात करू नकोस. दर रविवारी आजीला फोन लाव आणि एकच गोष्ट विचार. थालीपिठाची भाजणी घे: कोणती धान्यं, कुठल्या डाळी, धणे कधी घालायचे, भाजलेलं कसं ओळखायचं. तिला सांगून ते रेकॉर्ड करून ठेव. माझ्या आजीचा आवाज माझ्याकडे नाही, याची रुखरुख अजून जात नाही. 'ळ' जमत नसेल तर 'बाळ, शाळा, केळं' रोज मोठ्याने म्हण. देवनागरी मात्र शिकच, एसटीवरची पाटी वाचता आली पाहिजे. आषाढीच्या सुमारास येणार असशील तर आळंदी-पंढरपूर वारीत एक दिवस तरी चाल. तिथे तुला सगळे 'माउली' म्हणूनच हाक मारतील.