पदवी आणि नोकरी एकत्र: विद्यापीठ कसं पारखायचं?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंगसाठी परदेशात जायचं, पण पदवीतच कंपनीत काम करता यावं, असं तिचं म्हणणं. ‘इंडस्ट्री एक्स्पोजर’ तर सगळीच विद्यापीठं छापतात. खरी सोय कुठे आहे, हे कसं ओळखावं? (एक पालक, सांगली)

उत्तर : माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तिच्या शाखेचा वर्षवार आराखडा बघा. कामाचे महिने त्यात मांडलेले असतील, तरच सोय खरी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात इंजिनिअरिंगला चार महिने वर्ग आणि चार महिने नोकरी असा आलटूनपालटून क्रम असतो. त्यामुळे पदवीला जवळपास ५ वर्षं लागतात. शोधताना कॅनडा-अमेरिकेसाठी ‘को-ऑप’ (अभ्यासक्रमातच बसवलेली नोकरी) आणि ब्रिटनसाठी ‘प्लेसमेंट इयर’ (पदवीच्या मधलं कंपनीतल्या कामाचं वर्ष) असं टाका. बाथ, लफबरो, सरे ही तिथली जुनी नावं.

जर्मनीत या पद्धतीला ‘डुआलेस श्टुडिउम’ म्हणतात आणि तिथे सगळं उलटं चालतं: आधी कंपनीशी करार, मग प्रवेश. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं ३ वर्षं. पगार मात्र वर्गाच्या महिन्यांतही मिळतो. कंपन्या बहुधा वर्षभर आधीच अर्ज घेऊ लागतात आणि शिकवणं बहुतेक जर्मनमधूनच असतं. निकालानंतर भाषेचा क्लास लावला, तर ते वर्ष हातचं गेलंच म्हणून समजा.

अमेरिकेत सर्वांत जास्त जपायला हवं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नमध्ये किंवा फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेलमध्ये एक को-ऑप साधारण सहा महिन्यांचा असतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ही नोकरी ‘सीपीटी’ने, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीने करता येते, आणि ती परवानगी रुजू होण्याआधीच विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदपत्रावर नोंदलेली लागते. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले, की त्याच पदवीनंतर नोकरीसाठी मिळणारी ‘ओपीटी’ ही परवानगी हातची जाते. म्हणजे सहा-सहा महिन्यांचे दोन को-ऑपही धोक्याचे. दुसरी ऑफर स्वीकारण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात तारखा दाखवून दिवस मोजून घ्या.

नोकरी विद्यापीठ हातात आणून देत नाही. अर्ज आणि मुलाखती मुलीलाच द्याव्या लागतील. म्हणून प्रवेशाआधी ई-मेलने दोन गोष्टी लेखी विचारा: कामाच्या काळात फी किती, आणि जागा मिळालीच नाही तर पुढे काय? ब्रिटनमध्ये अशा वेळी बहुधा प्लेसमेंट नसलेल्या अभ्यासक्रमात वळवतात. मग पदवीचा कालावधी बदलतो, आणि व्हिसाची मुदतही पुन्हा तपासावी लागते.