गाडी आहे हो, पण ती रेफर घेऊन गेलीये

(वाचकांचे प्रश्न, सरकारी दवाखान्यांबद्दलचे. उत्तरं देणारा माणूस 22 वर्षं ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर होता, आता रिटायर आहे आणि बोलायला मोकळा आहे. यावेळी अँब्युलन्सवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत.)

प्रश्न : डॉक्टर, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, गावाचं नाव छापू नका. आमच्या तालुक्याला 108 ची एक गाडी आहे, ती ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात उभी असते. आमची वाडी तिथून 9 किलोमीटर. गेल्या पावसात पहाटे काकांच्या छातीत दुखायला लागलं, 108 ला फोन लगेच लागला, बाई नीट बोलल्या, पण म्हणाल्या तुमच्याकडची गाडी पेशंट घेऊन सिव्हिलला गेलीये, दुसरी पाठवतो. ती आली सव्वा तासाने, पलीकडच्या तालुक्यातून. काका वाचले पण हार्ट कमजोर झालंय असं सांगितलं. त्यानंतर देवळात बैठक झाली. निम्मे म्हणतात 108 चालवणाऱ्या कंपनीचं कंत्राट रद्द करा, निम्मे म्हणतात वर्गणी काढून गावाची गाडी घ्या, आणि दोघे तिघे तर पायलटवरच, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरवर, धावून गेले. आम्ही नक्की मागायचं काय?

उत्तर : दादा, काका वाचले हे आधी चांगलं झालं. आता एक कबुली देतो. तुमच्यासारख्यांची गाडी पळवणारा माणूस बऱ्याच वेळा मीच असायचो.

म्हणजे असं की रात्री दोनला एखादी बाई बाळंतपणाला येते, बाळ आडवं असतं, सिझर करायला पाहिजे पण भूलतज्ज्ञाची पोस्ट दोन वर्षं रिकामी आणि रक्ताची सोय नाही, मग मी काय करणार, कागदावर 'रेफर' लिहायचं, म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, आणि आवारात उभी असलेली 108 बोलवायची. गाडी जायला दीड तास, सिव्हिलला पोचल्यावर तिथे स्ट्रेचर मोकळं नाही म्हणून आपल्याच गाडीच्या स्ट्रेचरवर पेशंट पाऊण तास पडून, मग यायला दीड तास. झाले की चार तास. आणि त्या चार तासात तालुक्यात कोणाच्या छातीत दुखलं, कोणाला साप चावला, हायवेला कोणी उडवलं, तर कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सगळ्यात जवळची मोकळी गाडी दिसते ती पलीकडच्या तालुक्यातली. तुमच्या काकांच्या वेळी बहुतेक हेच झालं असणार.

म्हणून मला वाटतं, बैठकीत कंत्राटावर जेवढी भांडणं झाली त्याच्या निम्मी जरी भूलतज्ज्ञाच्या रिकाम्या खुर्चीवर झाली असती तर बरं झालं असतं. 30 खाटांच्या रुग्णालयात डॉक्टर नसले की अँब्युलन्सची एसटी होते, फेऱ्या मारत बसते. कंत्राटदार बदला, गाडी तीच, रस्ता तोच, रेफर तेवढेच.

आता कंत्राटदाराला मी सोडतोय असं नाही. आधी थोडा हिशेब बघा. महाराष्ट्रात 108 सुरू झाली जानेवारी 2014 मध्ये, तेव्हा 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या आणि 704 बीएलएस म्हणजे साध्या, ऑक्सिजन आणि प्राथमिक उपचारांच्या. आंध्रात ही कल्पना 2005 ला आली, गोव्यात 2008 ला, आपल्याकडे जरा उशिराच, पण आपल्याकडे गाडीत डॉक्टर बसवला ही चांगली गोष्ट. प्रमाण काय धरतात तर 5 लाख लोकांमागे एक एएलएस आणि 1 लाखामागे एक बीएलएस. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख. म्हणजे एएलएस बरोबर बसतात, पण बीएलएस पाहिजेत अकराशेच्या वर आणि सुरुवात केली 704 वर. आणि हे प्रमाण सपाटीवरच्या लोकसंख्येचं झालं, लाख माणसं पुण्याच्या एका कोपऱ्यात राहतात आणि कोकणात तेवढीच माणसं घाट, खाडी आणि दीडदोनशे वाड्यांत पसरलेली असतात, त्यांना एकच गाडी मोजणं हा कागदावरचा न्याय आहे. नव्या कंत्राटावरून 2024 मध्ये बरीच राजकीय राळ उडाली ती तुम्ही वाचली असेल, त्यात मी पडत नाही, कोण जिंकलं यापेक्षा तुमच्या आवारात रात्री गाडी असते का हा प्रश्न तुमचा.

दुसरं, 102. ही वेगळी गाडी आहे हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. 102 गरोदर बायका, बाळंतिणी आणि आजारी तान्ही बाळं यांच्यासाठी, घरातून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी, सगळं फुकट, 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून. प्राथमिक आरोग्य केंद्रात उभी असते ती बहुतेक हीच. वर मी सांगितलेली बाळंतीण स्थिर असेल तर 102 ने जायला पाहिजे होती, पण 102 चा ड्रायव्हर रात्री घरी गेलेला, किंवा डिझेलचं बिल अडकलेलं, किंवा गाडी फिटनेसला, मग सगळा भार 108 वर. तुमच्या तालुक्यात 102 च्या किती गाड्या आहेत, त्यातल्या किती आज चालू आहेत आणि रात्री ड्रायव्हर असतो का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला जाऊन विचारा. फक्त एवढं विचारलं तरी दोन गाड्या आठवड्यात रस्त्यावर येतात असा माझा अनुभव आहे, सांगू नका कोणाला.

आता मागायचं काय. 'सेवा सुधारा' असं निवेदन देऊ नका, ते फाईलला लागतं आणि तहसीलदारांच्या सोबत फोटो येतो एवढंच. माहिती अधिकारात चार वेळा मागा, म्हणजे घड्याळातल्या वेळा. कॉल कितीला आला, गाडी कितीला निघाली, पेशंटपाशी कितीला पोचली, दवाखान्यात कितीला सोपवला. गेल्या तीन महिन्यांचे तालुक्यातले सगळे कॉल. यासोबत गाडी किती दिवस बंद होती आणि तेव्हा बदली गाडी दिली का, एकूण फेऱ्यांत रेफरच्या किती, कंत्राटात उशिराबद्दल दंडाची अट आहे का आणि असेल तर किती वेळा लावला. पेशंटची नावं मागू नका, त्या एका कारणावर अख्खा अर्ज परत येतो. आपल्या राज्यात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून वेळांचा एक अर्ज आणि दंडाचा दुसरा असे दोन करा, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट प्रत्येकाला, उत्तर 30 दिवसांत. 'व्यापारी गुपित आहे' असं उत्तर आलं तर घाबरायचं नाही, अपील करायचं, सरकारी पैशावर चालणारी गाडी दारात किती वाजता आली यात गुपित कसलं.

हे आकडे हातात आले की कळेल दुखणं कुठे आहे. कॉल ते निघणं यातच वीस मिनिटं जात असतील तर दोष पायलटचा किंवा व्यवस्थेचा, त्यांना धरा. गाडी लगेच निघते पण लांबून येते, तर गाड्या कमी किंवा रेफर जास्त. आणि दवाखान्यात सोपवायलाच तास लागत असेल तर सिव्हिलच्या दारात जाऊन बसा. प्रत्येकासाठी दार वेगळं आहे, आणि आपण दरवेळी गाडीची काच फोडतो.

रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक कधी होते तेही बघा, तिच्यात बाहेरचे सदस्य असतात, तुमच्या बैठकीला आलेल्यांपैकीच कोणीतरी असेल आणि त्याला स्वतःलाच माहीत नसेल.

वर्गणीची गाडी… घ्या, मी नाही म्हणणार नाही, पण गाडी घेणं सोपं आहे. 24 तास चालवायची तर तीन पाळ्यांचे तीन ड्रायव्हर आणि एक सुट्टीवाला, डिझेल, टायर, इन्शुरन्स, ऑक्सिजन भरून आणणं. आमदार फंडातल्या गाड्या मी बघितल्यात, पहिल्या वर्षी नारळ, तिसऱ्या वर्षी चाकात गवत. शिवाय व्हॅनवर लाल दिवा लावला की अँब्युलन्स होत नाही, त्याचा एआयएस-125 नावाचा नियम आहे, गाडीचा प्रकार कोणता, आत जागा किती, स्ट्रेचर कसं, सगळं त्यात आहे. पाच गावं मिळून एक गाडी आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम, असं असेल तरच हात घाला.

आणि एक बारीक गोष्ट राहिली. फोन पुण्यात लागतो, औंधला. तिथल्या मुलीला तुमची मधलीवाडी माहीत नाही, कारण कोकणात प्रत्येक गावाला एक मधलीवाडी आहे! तालुका आधी सांगा, मग गाव, मग एसटीचा थांबा, शाळा किंवा साकव, आणि एक पोरगं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. 'किती वेळ लागेल' हे स्पष्ट विचारा. पाऊण तासाच्या वर सांगितलं आणि दारात टेम्पो असेल, तर छातीत दुखणाऱ्या माणसाने टेम्पोत निघालेलं बरं, त्याला पायी चालायला लावायचं नाही, उचलून ठेवायचं, आणि वाटेत 108 शी बोलत राहायचं म्हणजे गाडी मध्येच गाठता येते. तुम्ही थांबलात यात तुमची चूक नाही, 'येतेय' म्हटल्यावर कोणीही थांबतो.

प्रश्न : माझे मिस्टर 108 वर पायलट आहेत. बारा बारा तास ड्युटी, पगार कधी दीड कधी दोन महिन्यांनी, आणि उशीर झाला की लोक यांचीच कॉलर धरतात. ते म्हणतात सोडून देतो. काय सांगू त्यांना?

उत्तर : ताई, वरचं पत्र वाचून तुमच्या मिस्टरांना राग आला असेल तर बरोबरच आहे. गाडी कुठून निघणार हे पायलट ठरवत नाही, कंट्रोल रूम ठरवते, पण लोकांना समोर दिसतो तो पायलट.

पगाराचं सांगतो. कंत्राटदाराने वेळेत पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि कंत्राटदाराकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. इथे काम सरकारचं आहे. तेव्हा एकट्याने नाही, जिल्ह्यातल्या सगळ्या पायलट आणि डॉक्टरांनी मिळून सहाय्यक कामगार आयुक्तांकडे लेखी जायचं, पगार कोणत्या तारखेला जमा झाला ते दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट जोडून. एकट्याने गेलं की त्याची बदली होते, हे आपल्याला दोघांनाही माहितीये. सोडायचं की नाही ते तुम्ही घरात ठरवा, मी दुरून सांगणं बरं नाही. मी ड्युटीवर असताना घाटात दरड आली होती तेव्हा आमच्या पायलटने बाळंतिणीला स्ट्रेचरसकट चिखलातून पलीकडच्या गाडीपर्यंत नेलं होतं, त्याच्या त्या महिन्याच्या पगाराची तारीख मला अजून आठवते, पुढच्या महिन्याची 27.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. हायवेला अपघात झाला की 108 ची वाट बघत सगळे उभे असतात, मी पेशंट रिक्षात घातला तर पोलीस मलाच बसवून ठेवतील अशी भीती वाटते.

उत्तर : भाऊ, ती भीती जुनी झाली. 2019 ला मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. दवाखान्यात सोडून तुम्ही निघू शकता आणि तुमच्याकडे कोणी डिपॉझिट मागू शकत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवलं तर केंद्राची राह-वीर योजना आहे, 2025 पासून 25 हजार रुपये. फक्त मान किंवा पाठ दुखतेय म्हणत असेल, पाय हलत नसतील, तर रिक्षात दुमडून घालू नका, 108 सोबत 1033 लाही फोन करा, तो नॅशनल हायवेचा नंबर आहे, त्यांची गाडी टोलनाक्याजवळ असते आणि कधी कधी तीच आधी येते.

प्रश्न : 108 आली नाही म्हणून खासगी अँब्युलन्स केली, 60 किलोमीटरचे 9 हजार घेतले. हे बरोबर आहे का?

उत्तर : अजिबात नाही. प्रत्येक जिल्ह्यात प्रादेशिक परिवहन प्राधिकरण दर ठरवतं, गाडीचा प्रकार आणि किलोमीटर बघून, आणि तो तक्ता गाडीत लावायचा असतो. आरटीओ ऑफिसात जाऊन तुमच्या जिल्ह्याचा दर बघा, जास्त घेतले असतील तर तिथेच लेखी तक्रार द्या. पावती आहे का? नसेल तर यूपीआयने दिले असतील त्याचा स्क्रीनशॉट आणि गाडीचा नंबर पुरेल. रोख दिले असतील तर मात्र अवघड आहे, तरी सिव्हिलच्या गेटवर गाडीची नोंद झालेली असते, ती तारीख आणि वेळ सांगून मागा.