वाचक विचारतात : दुपारी बेड वाकतो की ऑटोकोलिमेटर खोटं बोलतो?

प्रश्न : नमस्कार सर, मी वेर्ण्याला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीत आहे. ग्राइंडरचा २ मीटरचा बेड (मशीनचा लोखंडी पाया) सरळ आहे का ते ऑटोकोलिमेटरने (आरशाचा बारीकसा कल मोजणारं उपकरण) चेक करतो, सकाळी ८ ला तो जवळजवळ सरळ येतो आणि दुपारी ३ ला घेतलं की मधला भाग १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे १ मायक्रॉन) वर दिसतो. साहेब म्हणतात कोलिमेटर कॅलिब्रेशनला पाठव. पाठवू का?

उत्तर : घाई करू नका हो. मला तरी वाटतं कोलिमेटर बरोबर सांगतोय आणि बेडच दुपारी वाकतोय.

लेन्सच्या बरोबर फोकल लेंथवर (समांतर किरण लेन्समधून जिथं एकत्र येतात तेवढ्या अंतरावर) क्रॉसवायर, म्हणजे बारीक तारांची फुली, ठेवून मागून उजेड दिला की किरण समांतर बाहेर पडतात, हा साधा कोलिमेटर. ऑटोमध्ये तेच किरण समोरच्या आरशावरून परत त्याच लेन्समध्ये येतात, आरसा जेवढा कलेल त्याच्या दुप्पट वळतात आणि क्रॉसवायरची इमेज बाजूला सरकते. ५०० मिमी फोकल लेंथच्या लेन्सला आरसा १ सेकंद कलला तर इमेज ५ मायक्रॉनच्या आसपास हलते (सेकंद म्हणजे घड्याळातला नव्हे, डिग्रीचा ३६०० वा भाग, नवीन पोरं इथंच गोंधळतात). हा आरसा पाय असलेल्या बैठकीवर बसवून बेडवर टप्प्याटप्प्यानं सरकवत रीडिंग घेतात, त्या पायांमधलं अंतर १०३ मिमी असेल तर १ सेकंद म्हणजे उंचीत अर्ध्या मायक्रॉनचा फरक.

आता बेडचं बघू. छपराला पारदर्शक पत्रे असतील ना? ऊन थेट पडलं नाही तरी वरची बाजू तापते आणि खालची फाउंडेशनला टेकून थंडच राहते. कास्ट आयर्न १ डिग्रीला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं, त्यामुळे बेडची उंची ४०० मिमी धरली आणि वर-खाली फक्त १ डिग्रीचा फरक पडला तरी २ मीटरचा मोकळा (फाउंडेशनला घट्ट न आवळलेला) बेड मधोमध १४ मायक्रॉनच्या जवळपास फुगतो, कासवाच्या पाठीसारखा. तुमचे १० त्यातच आले की. हात लावून १ डिग्री कळणार नाही, बेडला वर आणि खाली टेकवायचा थर्मामीटर लावा.

अजून एक, शेवटचं रीडिंग झालं की आरसा परत पहिल्या जागी न्या. पहिलं रीडिंग परत आलं नाही तर मधेच कोलिमेटरचा स्टँड तरी हललाय किंवा बेड तरी, मग ती सगळी रीडिंग टाकून द्या. इमेज थरथरत असेल तर तो हवेचा खेळ. मी एकदा वरचा पंखा चालू ठेवून अख्खी सकाळ घालवलीय आणि शिव्या मात्र कोलिमेटरला दिल्या. बेडचं मोजमाप पहाटे, शटर उघडायच्या आधी घ्या.

आणि पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवाच, चवथीच्या सुट्टीनंतर पेटी उघडली तर लेन्सवर बुरशीची जाळी, हे आपल्याकडे नवीन नाही.

प्रश्न : टेलिस्कोपचे आरसे जुळवायला लेझर कोलिमेटर घेतला, तो सरळ आहे कसं ओळखू? (म्हापसा)

उत्तर : फोकसरमध्ये (आयपीस बसते त्या नळीत) घालून जागच्या जागी हळू गोल फिरवा आणि मोठ्या आरशावरचा ठिपका बघा. ठिपका गोल फिरला तर लेझरच वाकडा, आधी त्याचे स्क्रू फिरवून तो सरळ करा, नाहीतर वाकड्याने वाकडंच जुळवाल. किरणात डोळा घालू नका.