वाचक विचारतात : अंगठा न लावता चालणारा खेळाडू

प्रश्न : गेम कंट्रोलरची डावी स्टिक सोडून दिली तरी पडद्यावरचा माणूस हळूहळू पुढे चालतच राहतो. कंट्रोलर दीड वर्षाचा आहे, कधी पडलेला नाही. नवाच घ्यावा का?

उत्तर : लगेच नको. या दुखण्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात आणि कंट्रोलर न पडताही ते होतं, कारण ते झिजेचं दुखणं आहे. स्टिकच्या बुडाशी हालचाल मोजणारे दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येकात कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावर धातूची एक जीभ घासत फिरते. स्टिक सगळ्यात जास्त वेळा मध्यावरून ये-जा करते, म्हणून पट्टा मध्यावरच आधी झिजतो आणि पूडही तिथेच साचते. शिवाय स्टिकला मध्यावर परत आणणारी स्प्रिंग सैल पडते, ते वेगळंच.

यातलं नेमकं काय झालंय ते आधी बघा. कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये ‘गेमपॅड टेस्टर’ शोधून उघडा. स्टिकची जागा तिथे उणे १ ते अधिक १ अशा आकड्यात दिसते. स्टिक एका बाजूला पूर्ण ढकलून पटकन सोडा. असं चारही दिशांना पाच-पाच वेळा करा आणि सोडल्यावरचा आकडा बघा. तो ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर स्टिक ठणठणीत आहे. दर वेळी एकाच जागी, समजा ०.०९ वर, येऊन थांबत असेल तर मध्यबिंदू सरकलाय. हात न लावता आकडा थरथरत किंवा उड्या मारत असेल तर आत पूड आहे, नाहीतर पट्टा गेलाय.

मध्यबिंदू सरकला असेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेशनची, म्हणजे मध्यबिंदू पुन्हा ठरवून द्यायची सोय आहे का ते पाहा. नसेल तर गेममध्ये ‘डेड झोन’ वाढवा, म्हणजे मध्याजवळची ठरावीक हालचाल गेम मोजतच नाही. १० टक्क्यांपासून सुरुवात करा आणि माणूस थांबेपर्यंत थोडं थोडं वाढवा. २० टक्क्यांच्या पुढे गेलात तर ड्रिफ्ट थांबेल, पण बारीक नेम धरता येणार नाही. नेमबाजीच्या खेळात तो सौदा परवडत नाही.

आकडा उड्या मारत असेल तर सफाई करून बघा. कंट्रोलर बंद करा. स्टिक एका बाजूला झुकवा, घुमटाखालच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा आणि स्टिक मिनिटभर गोल फिरवा. मग निदान अर्धा तास तसंच वाळू द्या. अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वरचं हवं, ७० टक्केवाल्यात पाणी फार असतं. गंजलेल्या स्क्रूवर मारायचा तेलकट स्प्रे इथे अजिबात वापरू नका; त्याचा थर आत राहतो आणि नवी पूड धरून ठेवतो. सफाईचा गुण कधी काही महिने टिकतो, कधी चार दिवस. चारच दिवस टिकला तर कार्बन संपलाय असं समजा आणि पुन्हा थेंब सोडत बसू नका.

मग उरतं स्टिकचं मॉड्यूल बदलणं. निन्टेंडो स्विच कन्सोलच्या पहिल्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये ते रिबन केबलने जोडलेलं असतं. तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर असला की घरी जमतं. इतर बऱ्याच कंट्रोलरमध्ये मॉड्यूलच्या चौदा पिना बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या असतात. सोल्डरिंगचा हात नसेल तर पहिला प्रयोग यावर करू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडण्याआधी तिकडे जा. नवं मॉड्यूल घेताना ‘हॉल इफेक्ट’ प्रकारचं मिळालं तर तेच घ्या. त्यात चुंबक आणि सेन्सर यांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही, त्यामुळे पट्टा झिजण्याचा प्रश्न मिटतो. स्प्रिंग मात्र त्यातही सैलावू शकते. हे काही नवं तंत्र नाही. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच होतं, पुढे बहुतेकांनी स्वस्त वाट धरली.

प्रश्न : ब्लूटूथ इअरबड्सवर सिनेमा छान दिसतो-ऐकू येतो, पण गेममध्ये गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. शिवाय मित्रांशी बोलायला माइक चालू केला की गेमचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. इअरबड्स खराब आहेत का?

उत्तर : इअरबड्स ठीक आहेत, आणि या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यांत पाठवला जातो, इअरबडमध्ये थोडा साठवला जातो आणि मग उलगडतो. नेहमीच्या एसबीसी किंवा एएसी कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज दाबायची-उलगडायची पद्धत) यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. सिनेमात हे कळत नाही, कारण किती उशीर होणार हे प्लेअरला माहीत असतं आणि तो चित्रही तेवढंच मागे ठेवतो. गेमला ते शक्य नाही. तुम्ही बटण कधी दाबणार हे त्याला आधी कसं कळणार? सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम, आणि एवढा फरक कानाला सहज कळतो.

इअरबडच्या ॲपमध्ये ‘गेम मोड’ असेल तर लावा. तो साठा कमी करतो, म्हणून उशीर घटतो, पण गर्दीच्या जागी आवाज तुटतो. लो-लेटन्सी कोडेकच्या जाहिरातीला भुलण्याआधी तो फोनमध्येही आहे का ते तपासा. दोन्ही टोकांना नसेल तर आपसूक नेहमीचा एसबीसी किंवा एएसी लागतो. कायमचा उपाय म्हणजे यूएसबी डोंगलवाला २.४ गिगाहर्ट्झचा हेडसेट किंवा सरळ वायर. तालावर बटणं दाबायच्या खेळांत ऑडिओ ऑफसेट, म्हणजे आवाज आणि चित्र यांच्यातलं अंतर, जुळवायची सोय असते, तिथे तेवढ्याने भागतं.

आता माइक. गाणी ऐकताना इअरबड ज्या पद्धतीने जोडलेले असतात, ती एकाच दिशेची असते. माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते. तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला होणारी आवाजाची मोजणी, ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतं, म्हणून तो टेलिफोनी सूर. यावरचा उपाय फुकट आहे. बोलायच्या ॲपमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आउटपुट इअरबडच राहू द्या. इअरबडचा माइक कुणीच वापरत नसला की आवाज पुन्हा स्टिरिओ होतो.

प्रश्न : तोच कन्सोल, तोच गेम, मॉनिटरवर चपळ आणि टीव्हीवर चिकट. का?

उत्तर : टीव्ही चित्र ‘सुधारत’ बसतो म्हणून. हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सोयीला दोन फ्रेमच्या मधली फ्रेम बनवायची असते, त्यासाठी पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं. पिक्चर मोडमधून ‘गेम’ निवडा. बहुतेक प्रक्रिया एकदम बंद होतात. हा मोड सहसा त्या-त्या एचडीएमआय पोर्टपुरता लागतो, म्हणून कन्सोल ज्या पोर्टला आहे त्यावर असतानाच लावा. ४के चित्र १२० हर्ट्झवर हवं असेल तर टीव्हीच्या सगळ्याच पोर्टवर ते चालेल असं नाही, पोर्टशेजारी छापलेलं वाचा. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली घ्या.

प्रश्न : घरात चाळीसेक कॅसेट आहेत. काही पॉप अल्बम, काही घरी रेकॉर्ड केलेल्या. प्लेअरला इअरफोनचं भोक आहे, लॅपटॉपला एकच जॅक. वायर जोडून पाहिली तर आवाज फाटका आणि एकाच बाजूचा आला.

उत्तर : लॅपटॉपचा तो जॅक हेडसेटसाठी असतो. त्यातली आत जाणारी वाट माइकची असते: एकच चॅनेल आणि फार कमी पातळीच्या सिग्नलसाठी बनवलेली. त्यात इअरफोनचा सिग्नल ओतला की तो फाटणारच. ‘स्टिरिओ लाइन-इन’ असं स्पष्ट लिहिलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. प्लेअरला लाइन-आउट असेल तर तिथून वायर काढा. इअरफोनचंच भोक असेल तर व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवा आणि बास-ट्रेबलच्या कळा मध्यावर.

त्याआधी एक हिशेब. कॅसेट घाईने उतरवता येत नाही. तासाभराची कॅसेट म्हणजे एक तास. चाळीस कॅसेटना चाळीस तास जातील. विकत घेतलेले अल्बम स्ट्रीमिंगवर मिळतायत का ते पाहा आणि मिळत असतील तर ते सोडून द्या. घरच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत जगात कुठेच नाही, तीच आधी उतरवा.

पहिलं काम प्लेअरचं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टेपवरचा आवाज वाचणारं हेड आणि टेप ओढणारी बारीक धातूची दांडी पुसा. काडी तपकिरी होईल, ती पांढरी निघेपर्यंत पुसा. दांडीला टेकणारं रबरी चाक किंचित ओल्या कापडाने पुसा. बऱ्याच वर्षांत न वाजलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, नाहीतर चिकटलेले वेढे वाजताना अडकतात. टेपमागचा छोटा नमद्याचा तुकडा जागेवर आहे ना, तेही बघा. तो गळून पडला की टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज मंद, दबका येतो.

नमदा शाबूत असूनही आवाज दबका असेल तर बहुधा हेडचा कोन जुळत नाहीये. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसलेला बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा खुणेने नोंदवा, प्लेअर चालू ठेवा आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्याही आत, इकडे-तिकडे फिरवा. झांजांचा आवाज ज्या ठिकाणी सगळ्यात उजळ होतो तिथे थांबा. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकलं तर ही जागा जास्त स्पष्ट सापडते. वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटना वेगवेगळा कोन लागतो, त्यामुळे कॅसेट बदलली की पुन्हा कान लावा. आमच्या मते अख्ख्या कामात सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट हीच, आणि नेमकी हीच बहुतेक जण टाळतात.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे आणि ते मोफत आहे. ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ निवडा. कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधून वाजवा आणि मीटरचा काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. शून्याला धडकलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. कमी पातळीचा मात्र वाढवता येतो. मागे एकसारखी घूं ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्याने ती जाते. या मापाने तासाभराची फाइल सुमारे ९५० एमबी होते. फ्लॅक प्रकारात जतन केली तर ती बरीच लहान होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. एमपी३ ऐकण्यासाठी वेगळी बनवा.

खरखर कमी करायची तर दोन गाण्यांमधली नुसत्या सूं आवाजाची एक-दोन सेकंदं ऑडॅसिटीला नमुना म्हणून द्या आणि ६ ते ९ डेसिबलवर थांबा. २० वर नेलं की गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं. मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा.

प्रश्न : २०,००० एमएएचची पॉवर बँक विमानात चालते का? आणि माझा फोन ५,००० एमएएचचा आहे, तरी ती चार वेळा का भरत नाही?

उत्तर : विमानाचे नियम वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेच्या मापात आहेत. एमएएचला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणा आणि १,००० ने भागा : तुमची ७४ वॉट-अवर झाली. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची लागते, त्यापुढची प्रवाशाला नेता येत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इन सामानात अजिबात नाही. काही कंपन्या ती प्रवासात वापरू देत नाहीत किंवा डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, तेव्हा निघण्याआधी तुमच्या कंपनीचा नियम वाचा. क्षमतेची अक्षरं पुसली गेली असतील तर तपासणीत ती अडकू शकते.

चार्जिंगचं गणितही वॉट-अवरमध्येच करा. फोनची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे १९ वॉट-अवरच्या आसपास. ७४ ला १९ ने भागलं तर चारला थोडं कमीच येतं. त्यात ३.७ चे ५ व्होल्ट करताना आणि पुन्हा फोनमध्ये उतरवताना काही वीज उष्णतेत जाते. प्रत्यक्षात तीन वेळा भरला तर पॉवर बँक चांगली आहे. वायरलेस चार्जिंग केलंत तर त्याहून कमी.

प्रश्न : परदेशातल्या सहलीचे माझ्या फोनवरचे आणि भावाच्या कॅमेऱ्यातले फोटो एकत्र केले तर क्रमच बिघडला. रात्रीच्या जेवणानंतर सूर्यास्त येतो.

उत्तर : वेळक्षेत्र बदलल्यावर फोनचं घड्याळ आपोआप बदललं, कॅमेऱ्याचं नाही. दोघांनीही एकाच क्षणी काढलेला एखादा फोटो शोधा आणि दोन्हींवरच्या वेळेतला फरक काढा. मग फक्त कॅमेऱ्याच्या फोटोंची एक प्रत बनवा आणि तिची वेळ तेवढी सरकवा. डिजिकॅम किंवा एक्झिफटूल या प्रोग्राममध्ये शेकडो फोटोंना हे एकदम करता येतं. फरक पूर्ण किंवा अर्ध्या तासांच्या पटीत येत नसेल, समजा ३ तास ३४ मिनिटं आला, तर कॅमेऱ्याचं घड्याळ मुळातच ४ मिनिटं चुकलेलं असणार. तीही धरून सरकवा. पुढच्या वेळी पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने फोनच्या पडद्यावरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा, सेकंद दिसतील असा.