विहीर मचूळ का होते? मुलांनी शोधायचं कसं

प्रश्न : आमची शाळा खाडीकाठच्या गावात आहे. होळीनंतर खालच्या वाडीतल्या विहिरी मचूळ होतात. नववीच्या मुलांना हा विषय प्रकल्पाला दिला, तर बहुतेकांनी इंटरनेटवरून ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ उतरवून आणलं. खरं संशोधन कसं करून घ्यावं?
– एक विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, मुलांना विषय मिळाला, पण प्रश्न मिळाला नाही. विषयावर उतरवण्याजोगं बरंच सापडतं. ‘आपल्या वाडीतल्या कोणत्या विहिरी, कोणत्या महिन्यापासून, किती खारट होतात?’ याचं उत्तर मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. पहिले दोन तास फक्त प्रश्न लिहायला द्या, उत्तर कोणीच द्यायचं नाही. मग वाटणी करा : आपण मोजू शकतो ते, गावात विचारावं लागेल ते आणि आवाक्याबाहेरचं.

पुढचा टप्पा कारणांचा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निदान तीन कारणं मांडायला लावा आणि प्रत्येकापुढे ‘हे खरं असेल तर काय दिसायला हवं?’ ते लिहायला सांगा. उपशामुळे जमिनीखालून खारं पाणी ओढलं जात असेल, तर पंप चालल्यावर खारटपणा वाढेल, रात्रभर पंप बंद राहिला की थोडा उतरेल, आणि तळाचं पाणी वरच्यापेक्षा खारट निघेल. खारबांध (खाडीचं पाणी अडवणारा बांध) फुटून उधाणाचं, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी मळ्यात शिरत असेल, तर फुटल्या जागेजवळच्या विहिरी आधी बिघडतील, त्यांवर पंप असो वा रहाट. नुसतं पाणी आटल्याने क्षार वाढत असतील, तर सड्याच्या (वरच्या कातळी पठाराच्या) पायथ्याच्या विहिरींतही हळूहळू वाढ दिसेल. हा तक्ता मोजणीच्या आधी, तारीख घालून वहीत उतरवलेला हवा. नंतर लिहिला तर हाती आलेल्या आकड्यांना सोयीचं कारण चिकटवलं जातं.

मोजणीसाठी बारा विहिरी पुरतात : चार खाडीलगत, चार मधल्या वाडीत, चार वर. दर शनिवारी सकाळी सात वाजता, पंप सुरू होण्यापूर्वी. काठावर रंगाची खूण करून तिथूनच वजन बांधलेली दोरी सोडायची आणि पाण्याची खोली मोजायची. दगड बांधलेल्या बाटलीने एक नमुना पृष्ठभागाखाली हातभर आणि एक तळाजवळून घ्यायचा. तळाच्या बाटलीला बूच लावून, त्याला वेगळी दोरी बांधून ते खाली गेल्यावर उपटायचं, नाहीतर वाटेतच वरचं पाणी भरतं. टीडीएस मीटरचे (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) तीन आकडे घ्या आणि तिन्ही लिहा. ‘चुकीचा वाटला म्हणून खोडला’ हे चालणार नाही. दरवेळी आधी एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम मीठ घालून मीटर तपासा. आकडा हजारापेक्षा वेगळा आला तरी हरकत नाही, पण दर शनिवारी तो तेवढाच यायला हवा. कठडा नसलेल्या विहिरीवर मोठ्या माणसाशिवाय कुणालाही पाठवू नका.

वर्गात एक हिशेब जरूर करून घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35,000 मिलिग्रॅम क्षार असतात. 200 च्या विहिरीत त्याचे फक्त दोन टक्के मिसळले की आकडा 900 च्या घरात जातो. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा 500 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000.

बहुतेक प्रकल्प भरती-ओहोटीपाशी फसतात. चंद्राच्या चक्रामुळे एका शनिवारी उधाण आलं, तर पुढच्या शनिवारी साधारण भांग (सर्वांत लहान भरती) येतो. शिवाय तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडचा जुना हिशेब. त्याप्रमाणे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, अमावास्येला सव्वाअकराच्या. म्हणजे सकाळी सातची वेळ कधी भरतीलगत येते, कधी ओहोटीलगत. आकडे आलटूनपालटून वरखाली होतात आणि मुलं मीटरला दोष देतात. प्रत्येक नोंदीपुढे तिथी आणि भरतीची वेळ लिहा, आणि एक दिवस दोन विहिरींवर दर तासाला, बारा तास मोजा. पाऊणपटीचा हिशेबही मुलांनी दिनदर्शिकेतल्या वेळांशी ताडून पाहावा. हा स्वतंत्र छोटा प्रकल्पच होतो.

प्रश्न : गावात सगळे एकाच कोळंबी प्रकल्पाला दोष देतात. मुलाखतींत मुलं तेच लिहून आणतात.

उत्तर : ‘प्रकल्पामुळे पाणी खारट झालं का?’ असं विचारलं की ‘हो’च मिळणार. ‘पाणी पहिल्यांदा कधी बदलल्यासारखं वाटलं?’ इतकंच विचारा. वर्ष आठवत नसेल तर खूण द्या : फयान चक्रीवादळाच्या (2009) आधी की नंतर? निसर्गच्या (2020)? तौक्तेच्या (2021)? मग त्या सुमारास गावात काय काय बदललं, तेही विचारा. एकाच घरातल्या आजी आणि नातवाला वेगवेगळं बसवून विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही नोंदवा.

प्रश्न : खारटपणा वाढतो तेव्हाच परीक्षा आणि सुट्टी असते. काय करावं?

उत्तर : जानेवारीत सुरुवात करा. गावातच राहणाऱ्या मुलांच्या जोड्यांना दोन-दोन विहिरी द्या, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दोन शनिवार सोडू नका. विहीर किती दिवसांत गोडी धरते, त्यातूनही कारण उलगडतं. मे महिन्यातले सर्वांत खारट दोन नमुने ग्रामपंचायतीकडच्या फील्ड टेस्ट किटवर (गावातच पाणी तपासायचा संच) क्लोराइडसाठी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यांनाच शाळेत बोलवा आणि मुलांसमोर चाचणी करायला सांगा.