निवासी ग्रंथालयात जाऊन राहिल्याने रखडलेले लिखाण पुढे सरकते का?

रखडलेले पुस्तक हातावेगळे करण्यासाठी आठवडाभर निवासी ग्रंथालयात जाऊन राहावे का, असे आपण विचारले आहे. वेल्समधील हार्डन या गावी असलेल्या ग्लॅडस्टन ग्रंथालयात मी पाच रात्री राहिलो आहे, त्या आधारावर सांगतो की अवश्य जावे, मात्र संदर्भांचे वाचन घरीच उरकून जावे.

चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८९४ साली हे ग्रंथालय स्थापन केले. स्वतःच्या संग्रहातील सुमारे ३२,००० पुस्तके त्यांनी वाड्यातून पाव मैलावरच्या पत्र्याच्या तात्पुरत्या इमारतीत हलवली, आणि वयाची पंच्याऐंशी गाठलेली असताना मुलीला व नोकराला हाताशी घेऊन त्यांतली कित्येक एकचाकी हातगाडीवरून स्वतः वाहून नेली. आजची दगडी वास्तू १९०२ ची आहे आणि तिला जोडलेला निवासी भाग १९०६ मध्ये सुरू झाला.

मी मुंबईतील १८६१ ते १८६५ च्या कापसाच्या तेजीवर मराठीत लिहीत होतो. त्याच काळात ग्लॅडस्टन ब्रिटनचे अर्थमंत्री होते, त्यामुळे तिथले एकेक कपाट मला खुणावू लागले आणि पहिले दोन दिवस एकही ओळ न लिहिता निघून गेले. ग्लॅडस्टन पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने खुणा करीत. मजकूर पटला नाही की ‘मा’ असे लिहीत, म्हणजे इटालियन भाषेतले ‘पण’. असे एक पुसट ‘मा’ पाहत मी बराच वेळ बसून राहिलो. तो आनंद खरा होता, पण त्याने माझे प्रकरण पुढे सरकले नाही.

तिसऱ्या दिवशी मी फक्त माझी टिपणवही घेऊन लाकडी सज्जाखालच्या टेबलाशी बसलो. मी गेलो तेव्हा बाहेरच्या वाचकांसाठी वाचनालय संध्याकाळी पाचला बंद होई आणि मुक्कामी असलेल्यांना रात्री दहापर्यंत बसता येई. जेवण आटोपून परत यावे तर कागद जसे ठेवले तसेच असत, समोर आणखी दोघे-तिघे मान खाली घालून लिहीत असत, आणि खोलीत दूरदर्शन संच नसल्याने उठून जाण्याचा मोहही होत नसे. माझ्या मते या जागेचे मोल शांततेपेक्षाही या मोडून न पडणाऱ्या बैठकीत आहे. उरलेल्या तीन दिवसांत, सहा महिने अडलेले प्रकरण मी शेवटपर्यंत नेले.

तेव्हा किमान चार रात्रींचे आरक्षण करावे, कारण पहिला दिवस रुळण्यातच जातो. चेस्टरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे बस घेणे मला सोयीचे पडले. आणि कोणते प्रकरण लिहायचे आहे, ते निघण्यापूर्वीच ठरवावे.