स्टिरॉइड दिलं नाही, म्हणजे हयगय झाली का?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझा धाकटा दीर ओझरजवळ हायवेवर मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागला, मेंदूत थोडा रक्तस्राव होता. १९९८ साली माझ्या वडिलांना असाच मार लागला होता, तेव्हा मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती. दिराला नाशिकच्या दवाखान्यात एकही दिलं नाही. फिटची गोळीसुद्धा आठवड्याने बंद केली. सासूबाई रोज म्हणतात, पोराची हयगय झाली. खरंच झाली का?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नाही ताई. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टिरॉइडने उतरते. मग मार लागल्यावरची सूजही उतरेल, असं डॉक्टरांना वाटणं साहजिक होतं आणि कितीतरी वर्षं ती इंजेक्शनं दिली गेली. मग ‘क्रॅश’ नावाची मोठी चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं; कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते, पण १०,००८ वरच चाचणी थांबवावी लागली. २००४ साली आकडे छापून आले : दोन आठवड्यांत स्टिरॉइडवाल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले १७.९ टक्के. शंभरामागे तीन माणसं जास्त! एका दवाखान्यात बसून हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. ‘मारच जबर होता’ असं म्हणून नातेवाईक घरी गेले असते, डॉक्टरही पुढच्या रुग्णाकडे वळले असते.

मणक्याच्या माराला स्टिरॉइड देणारे अजून आहेत. १९९० च्या अमेरिकन चाचणीत आठ तासांच्या आत दिलेल्यांना थोडा फायदा दिसला होता. पण तो तेवढ्या गटापुरताच होता, आणि औषधाने जंतुसंसर्गाची भीती वाढते. २०१३ साली तिथल्याच न्यूरोसर्जन मंडळींनी ते देऊ नका असं सांगितलं. मलाही तेच पटतं.

दिराच्या कागदांत ‘ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड’ लिहिलंय का पाहा. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं हे स्वस्त औषध. २०१९ च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत, मार सौम्य किंवा मध्यम असेल आणि तीन तासांच्या आत दिलं असेल, तर त्या माराने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले.

त्याआधीचं मात्र रस्त्यावर घडतं, आणि तिथे माझा जीव तुटतो. द्राक्षाच्या पिकअपमधून आणलेला मुलगा, चौघांनी हातपाय धरलेले, मान लोंबकळतेय. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यातच मज्जारज्जूला इजा होऊ शकते. १०८ ला फोन करा, मान सरळ धरून ठेवा, पाणी पाजू नका. उलटी झाली तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून सगळ्यांनी मिळून कुशीवर वळवा.

फिटच्या गोळीचं असं, की पहिल्या आठवड्यातल्या फिट तिने कमी होतात, पुढच्या टळत नाहीत. एकही फिट आली नसेल, तर आठवड्याने बंद करणं बरोबरच. पुढे कधी आलीच, तर त्याच दिवशी दाखवा.